कैवल्यधामातील शरीरसंशोधन : मापन आणि अनुमान

प्रस्तावना : मावळातील लोणावळा थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे, परंतु योगाच्या शारीरशास्त्रीय संशोधनाच्या इतिहासातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे स्नायू हा त्यांच्या दृष्टीने बलाचा तसाच अभ्यासाचाही विषय होता.

स्नायूंचे मापन : नौलीक्रियेत पोटावरील दोन उभे स्नायू आकुंचित करून पुढे आणले जातात. बस्तिक्रियेत पाणी पंपाविना मोठ्या आतड्यात कसे ओढले जाते, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने प्रयोग करून नौलीच्या वेळी आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांनी दाखवून दिले. या निर्वात अवस्थेस त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले.

ग्रंथींविषयीचे अनुमान : सर्वांगासनाचा कंठस्थ ग्रंथीवर हितकर परिणाम होतो, हे त्यांचे प्रतिपादन मात्र शरीररचनेवरून काढलेले अनुमान होते. रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. इन्सुलिन या पेप्टाइड संप्रेरकाचा शोध १९२१ मध्ये लागला. पण रक्तातील त्याचे अचूक मापन यॅलो व बर्सन यांच्या पद्धतीमुळे १९६० च्या सुमारास शक्य झाले. अर्थात, एकाच संशोधकाच्या दोन विधानांचे प्रामाण्य समान नव्हते.

आजचा संदर्भ : स्नायू वाढवण्यासाठी व दुखापत भरून येण्यासाठी आज पेप्टाइडे विकली जातात. त्यांपैकी बीपीसी-१५७ विषयीचे बहुतांश पुरावे प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेले आहेत. मानवी चाचण्या अत्यल्प आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून ते खेळाडूंना निषिद्ध ठरवले आहे. तरीही प्राण्यांवरून काढलेले अनुमान माणसाविषयीचे सिद्ध ज्ञान म्हणून खपवले जाते आणि त्याची जोखीम तरुणांच्या शरीराला पत्करावी लागते.

निष्कर्ष : मोजलेले काय आणि मानलेले काय, हा भेद वर्गात शिकवण्यासाठी लोणावळ्याचा हा इतिहास उपयुक्त आहे. कुवलयानंदांविषयीचा आदरही या भेदानेच अधिक डोळस होईल.