साखरचौथ आणि जोह्याचा कच्चा गणपती

अनंत चतुर्दशीला मुंबई-पुण्याचे गणपती बुडाले की पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या गावांत गणपती आणायची गडबड सुरू होते. अनंत चतुर्दशीनंतरची संकष्टी म्हणजे भाद्रपद वद्य चतुर्थी, ही इकडची साखरचौथ. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या भागांत त्या दिवशी घरोघरी गणपती बसतो, मंडळंही बसवतात. काही ठिकाणी त्याला गौरा गणपती म्हणतात. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि साखरचौथ 10 सप्टेंबरला.

तिथी नीट पाहिली तर गंमत कळते. हा पितृपक्ष. ज्या पंधरवड्यात माणसं नवं घर बघायला जात नाहीत, सोन्याच्या दुकानाची पायरी चढत नाहीत, त्यात इथे वाजतगाजत देव घरी येतो. त्याचं कारण या पट्ट्यात सांगितलं जातं ते अगदी व्यवहारी आहे. जे महाराष्ट्राला गणपती पुरवतात, त्यांना शुद्ध चतुर्थीला स्वतःच्या घरचा गणपती करायला उसंत कुठली? साखरचौथीचं व्रत कारखान्यांहून जुनं असेलही. पण जोह्यासारख्या गावात त्याला आजचं रूप आलं ते धंद्याच्या वेळापत्रकामुळे, असं मला वाटतं. म्हणून या सणाचं कूळ शोधायचं तर कारखान्यात शिरावं लागतं.

गणपती मुळात पार्थिव. मातीचा करायचा, पुजायचा, पाण्यात सोडायचा. कोकणात रीत अशी की घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा आणि त्यावरच मूर्ती घडवून घ्यायची. तळकोकणात आजही ती पाळतात. या व्यवहारात मूर्तिकार गावातला, गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यातून घरं चालतात, कारखाने उभे राहत नाहीत.

कारखाने उभे केले ते शहराने. 1892 साली पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी सार्वजनिक गणपती बसवला, 1893 साली टिळकांनी त्या उत्सवाला चळवळीचं रूप दिलं आणि त्याच वर्षी गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत मुंबईचा उत्सव सुरू झाला. इतिहास सांगताना आपण मंडळांपाशी थांबतो. मला त्याहून मोठं गिऱ्हाईक वाटतं ते चाळीतल्या खोलीचं. सुट्टी न मिळालेला, गावी जाऊ न शकलेला चाकरमानी खोलीतच देव बसवू लागला. त्याच्याजवळ पाट होता, पण पाट द्यायला ओळखीचा मूर्तिकार नव्हता. त्याला तयार मूर्ती हवी होती, रंगवलेली, अलगद उचलून नेता येईल अशी.

पेण मुंबईला जवळचं. अंतोरे बंदरातून खाडीमार्गे माल जायचा, पुढे रस्ता झाला. देवधरांसारख्या घराण्यांनी इथे शाडूच्या मूर्तींना बाजाराचा माल केला आणि पेणचा गणपती हे नाव रूढ झालं. ते नाव टिकलं डोळ्यांवर. मूर्तीचा रंग वाळला, दागिन्यांचं सोनेरी काम झालं की शेवटी आखणी करतात. बारीक कुंचल्याने आधी वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. दोन्ही बुबुळं एका ओळीत आली नाहीत तर देव तिरळा दिसतो. रेघ थोडी वर गेली तर रागीट, थोडी खाली गेली तर पेंगुळलेला. कारखान्यातला सगळ्यात जाणता हात या कामाला बसतो. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यातला अर्धा वाटा तरी या दोन रेघांचा असावा.

जोह्याची गोष्ट मात्र डोळ्यांची नाही, धडाची आहे.

पेणच्या पश्चिमेला खाडीकाठचा खारेपाट, तिकडे भाताचं एकच पीक. हमरापूर-जोह्याकडची शेतीही पावसाळी भाताचीच. कापणी-झोडणी आटोपली की हाताला काम नाही. इथली मुलं पेणच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाऊ लागली. माती मळणं, साचे भरणं, पॉलिश पेपर मारणं, असं करत काम शिकली. मग एकेकाने गावात येऊन अंगणात बांबूचा मांडव घातला, वर प्लास्टिक टाकलं आणि स्वतःचा कारखाना काढला. मांडव मोठे होत गेले. आज या गावांतून जाताना प्रत्येक ओटीवर, पडवीत, शेडमध्ये पांढऱ्याशुभ्र गणपतींच्या रांगा दिसतात.

पांढऱ्याशुभ्र, हे महत्त्वाचं. शाडू राखाडी असतो. हा पांढरा रंग प्लास्टर ऑफ पॅरिसचा, आणि प्लास्टर नसतं तर जोहे हे नाव पेण तालुक्याबाहेर कोणाला माहीत झालं नसतं.

शाडू गुजरातेतून, भावनगरकडून येतो. तो ओतता येत नाही. भिजवून, मळून, साच्यात अंगठ्याने दाबून भरावा लागतो. साच्यातून लवकर काढला तर मूर्ती बसते, आणि पावसाळी हवेत ती दिवसच्या दिवस वाळत नाही. सण भाद्रपदात, म्हणजे मागणी ऐन पावसात. प्लास्टरचं तसं नाही. जिप्सम सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती ते शोषून घेते आणि काही मिनिटांत घट्ट होते. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी तिला फरक पडत नाही.

जोडीला आला रबरी साचा. मूळ मूर्तीवर रबराचा चीक कुंचल्याने लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा, मध्ये जाळीदार कापड घालायचं. असे थरावर थर चढले की त्यावर प्लास्टरचं दोन-तीन भागांचं कवच करायचं, म्हणजे रबर वाकडंतिकडं होत नाही. मूर्ती काढताना कवच बाजूला करायचं आणि रबर मोज्यासारखं सोलून घ्यायचं. जुन्या कडक साच्यातून सोंडेचा बाक, हातातला मोदक, हाराचा एकेक मणी सुटा निघायचा नाही. हात वेगळे करून जोडावे लागायचे. रबराने तो अडसर संपवला. आत पातळ प्लास्टर फिरवायचं, काथ्या बसवायचा, वर पुन्हा प्लास्टर. मूर्ती पोकळ आणि हलकी होते, टेम्पोच्या खड्ड्यांत टिकते. जय मल्हार मालिका गाजली तेव्हा खंडोबाच्या रूपातले आणि बाहुबली आला तेव्हा त्या ऐटीतले गणपती त्याच मोसमात बाजारात दिसले, ते या रबरामुळे.

पण माझ्या मते जोह्याने धंद्यात आणलेली खरी नवी गोष्ट म्हणजे कच्ची मूर्ती. रंग नाही, आखणी नाही, नुसतं पांढरं धड. ती इथून महाराष्ट्रभर आणि बाहेरही जाते. तिथला दुकानदार किंवा रंगारी आपल्या गिऱ्हाइकाच्या आवडीने रंगवतो आणि स्वतःचा माल म्हणून विकतो. एकाच माणसाने घडवायचं, रंगवायचं आणि डोळे उघडायचे, ही पार्थिव गणपतीची जुनी साखळी इथे तुटली. शुद्धतेच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना हे खटकेल. मला त्यात गावाची हुशारी दिसते. ज्याला आखणी जमत नाही त्यालाही या धंद्यात जागा झाली. घासकाम आणि फिनिशिंग करणाऱ्या गावातल्या बायकांना घराजवळ रोजगार मिळाला. आणि पावसाळ्यावर चालणारा धंदा बाराही महिने चालू लागला, कारण कच्चा माल दिवाळीनंतरही करून ठेवता येतो.

त्यामुळे प्लास्टरवर घाव बसला तो थेट या गावांवर. 12 मे 2020 रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढून प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आणली. सण तीन महिन्यांवर आणि माल तयार, म्हणून ती पुढे ढकलली गेली. त्याच वर्षी करोनामुळे सार्वजनिक मूर्ती 4 फुटांच्या आणि घरगुती 2 फुटांच्या आत ठेवायचं ठरलं आणि मोठ्या मूर्ती शेडमध्येच राहिल्या. 30 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर अमलात आणायला सांगितलं. लगेच आलेल्या माघी गणपतीत कांदिवलीच्या चारकोपच्या राजाचं विसर्जन अडलं, ते ऑगस्टपर्यंत. मग डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या अहवालानंतर 9 जून 2025 रोजी मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक मिळाली. विसर्जन मात्र कृत्रिम तलावात. जुलैमध्ये 6 फुटांवरच्या मूर्तींना मार्च 2026 पर्यंत नैसर्गिक पाण्याची सवलत मिळाली.

प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही, तलावाच्या तळाशी साचतं, रंगातले जड धातू माशांच्या पोटात जातात. याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण 'परंपरेकडे परत चला' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. परंपरेत पाट होता, ओळखीचा मूर्तिकार होता, आणि जोहे नव्हतं. एकट्या मुंबईत घरगुती गणपती लाखाच्या वर बसतात. तेवढे शाडूचे गणपती वाळवायला पावसाळ्यात जागा, दुप्पट माणसं आणि दुप्पट किंमत द्यायची तयारी लागेल. जोह्यातले काही कारखाने शाडूकडे वळले आहेत, काही दोन्ही करतात. शाडूचं काम शिकलेले हात पेणच्या जुन्या कारखान्यांत अजून आहेत. पण वाळवणीसाठी भाड्याने शेड घ्यायची तर कर्ज काढावं लागतं, आणि पुढच्या वर्षीचा नियम काय असेल हे ठाऊक नसताना कोणी कर्ज काढायला धजावत नाही.

साखरचौथीचा गणपती दीड दिवसाने बुडतो. तोवर नवरात्राच्या देवी टेम्पोत चढायच्या असतात, आणि माघी गणपतीच्या ऑर्डरी घेताना फोनवर पहिला प्रश्न येतो: शाडूचा करून द्याल का, आणि कितीला?