बोटांचें माप आणि यंत्राची जाडी

संगणक पुस्तकाएवढा झाला, पण त्यावर लिहिणाराचीं बोटें आजोबांच्या बोटांएवढींच राहिलीं. मांडीवर घेऊन काम करावयाचा संगणक, ज्याला सर्वत्र लॅपटॉप म्हणतात, त्याचा चार दशकांचा इतिहास चाळला तर त्यांतील कितीतरी खटाटोप या एका अडचणीपायीं झालेला दिसतो. पडदा पातळ करतां येतो, बॅटरी हलकी करतां येते, हिशेब करणारा भाग नखाएवढा करतां येतो. कळफलकाला मात्र बोटांच्या मापापुढें मान तुकवावी लागते.

हें माप दुहेरी आहे. एक रुंदीचें आणि दुसरें खोलीचें. रुंदीचा प्रश्न टंकलेखन यंत्रांनींच सोडवून ठेवला होता. अमेरिकेंत क्रिस्टोफर शोल्स यांनीं सहकाऱ्यांसह बनविलेलें यंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ मध्यें विक्रीस आणलें. त्यावरील अक्षरांची मांडणी थोड्याफार फरकानें आजहि इंग्रजी कळफलकावर आहे. पुढें एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारें १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, अंतर असावें हा संकेत रूढ झाला. पूर्ण मापाचा कळफलक म्हणतात तो हाच. खोलीची गोष्ट निराळी. कळ किती खालीं जाते आणि आपलें काम झालें हें बोटाला कोणत्या क्षणीं उमगतें, यावर लिहिणाराचा वेग व विश्वास अवलंबून असतो. मुंबईच्या गोदरेज कंपनीनें १९५५ पासून बनविलेल्या टाइपरायटरवर ज्यांचा हात बसला, त्यांना हें वेगळें सांगावयास नको.

यांत्रिक कळफलकांत प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र स्विच व स्प्रिंग असते. जर्मनीच्या चेरी कंपनीचा सर्वपरिचित स्विच ४ मिलिमीटर खालीं जातो, पण संदेश निम्म्या वाटेवरच पोंचतो. कळ तळाशीं आपटावी लागत नाहीं. आय.बी.एम. कंपनीच्या १९८५ च्या 'मॉडेल एम' कळफलकांत तर स्प्रिंग दाबाखालीं एका बाजूस एकदम वांकते आणि खट्ट असा आवाज होतो. शेजारच्या टेबलावरील माणसाला हा आवाज नकोसा होई. लिहिणाराला तो हवासा वाटे, आणि त्याच धर्तीचे कळफलक अमेरिकेंत अजूनहि तयार होतात.

असल्या कळा मांडीवरच्या यंत्रांत मावत नाहींत, हा समज अलीकडचा आहे. १९८३ मध्यें जपानच्या क्योसेरा कंपनीनें घडविलेलें आणि अमेरिकेंत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकलें गेलेलें टी.आर.एस.-८० मॉडेल १०० हें यंत्र पाहावें. वजन दोन किलोग्रॅमहून कमी, जाडी सुमारें पांच सेंटिमीटर, पडद्यावर चाळीस अक्षरांच्या अवघ्या आठ ओळी आणि चालविण्यास चार पेन्सिल सेल. कळफलक मात्र पूर्ण मापाचा आणि यांत्रिक. वृत्तपत्रांच्या बातमीदारांनीं तें उचलून धरलें. बातमी जागेवरच लिहावी आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीस धाडावी. त्यांतील आज्ञावलीचा बराच भाग बिल गेट्स यांनीं स्वतः लिहिला होता. पांच सेंटिमीटर जाडीची तेव्हां कोणाला लाज वाटत नव्हती, म्हणून बोटांना जागा मिळाली. ॲपल कंपनीच्या १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबललाहि यांत्रिक कळा होत्या. परंतु शिशाच्या बॅटरीसह त्याचें वजन सात किलोग्रॅमवर गेलें होतें, आणि त्याचें कौतुक निदान कोणाच्या मांडीनें तरी केलें नसावें.

पुढें पातळपणाची चढाओढ लागली आणि पहिला बळी गेला तो खोलीचा. स्प्रिंगच्या जागीं रबराची टोपी आली. तिच्यावर कळ डगमगूं नये म्हणून प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींत गुंतविण्यांत आल्या. कळ कडेला दाबली तरी ती सरळ खालीं जाई. युक्ति खरोखर चांगली होती. चार मिलिमीटरांचे सुमारें दोन झाले, आणि बहुतेकांना त्याची संवय झाली.

रुंदीवर पाणी सोडण्यास मात्र कोणी तयार नव्हतें. आय.बी.एम.चे जॉन कॅरिडिस यांनीं त्यावर काढलेला तोडगा या इतिहासांतील सर्वांत देखणा म्हणावा लागेल. त्यांनीं कळफलक तिरपा कापून त्याचे दोन त्रिकोणी तुकडे केले. तिरप्या रेषेवरून तुकडे एकमेकांवर घसरले कीं कळफलकाची रुंदी बदलते. १९९५ च्या थिंकपॅड ७०१ या यंत्राचें झांकण उघडतांच दोन्ही तुकडे सरकून एकमेकांस भिडत आणि पावणेदहा इंचांच्या यंत्रांतून साडेअकरा इंचांचा कळफलक दोहों बाजूंस पंखांसारखा बाहेर येई. लोकांनीं त्याला फुलपांखरूं म्हटलें. यंत्र खपलेंहि चांगलें. पण लवकरच पडदे मोठे झाले, त्यांच्याबरोबर यंत्रें आपोआप रुंद झालीं, आणि १९९६ मध्यें फुलपांखराचें काम संपलें. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत त्याला जागा मिळाली आहे.

फुलपांखराचें नांव पुन्हां निघालें तें वीस वर्षांनीं, आणि तें अपकीर्तीसाठीं. २०१५ मध्यें ॲपलनें एक किलोग्रॅमहूनहि हलका मॅकबुक काढला. त्याच्या कळांखालील नव्या यंत्रणेस कंपनीनें हेंच नांव दिलें होतें. खोली इतकी आटली कीं धुळीचा कण शिरला तरी कळ अडे किंवा एक अक्षर दोनदां उमटे. २०१८ मध्यें मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस कात्रीकडे परतण्यास आरंभ झाला आणि २०२२ मध्यें दोष कबूल न करतां पांच कोटि डॉलरांवर ग्राहकांच्या दाव्याची तडजोड झाली.

त्याच २०१५ च्या आरंभीं तैवानच्या एम.एस.आय. कंपनीनें अगदीं उलट वाट धरली होती. तिच्या जी.टी.८० टायटन यंत्रांत चेरीचे पूर्ण उंचीचे स्विच होते. वजन साडेचार किलोग्रॅम. संगणकीय खेळांसाठींचा, यांत्रिक कळफलकाचा जगांतील पहिला लॅपटॉप, असा त्याचा गाजावाजा झाला. 'खेळांसाठींचा' हा शब्द गाळला तर तो दावा टिकत नाहीं, हें १९८३ च्या बातमीदारांनीं सांगितलें असतें. तैवानच्याच एसर कंपनीनें २०१७ मध्यें तर ८.८ किलोग्रॅमचें धूड बाजारांत आणलें. सुवर्णमध्य काढण्याचा प्रयत्न चेरीनें २०२१ मध्यें केला, केवळ ३.५ मिलिमीटर उंचीचा आणि १.८ मिलिमीटर दबणारा धातूचा स्विच तिनें डेलच्या एलियनवेअर लॅपटॉपसाठीं बनविला. तो महागड्या यंत्रांतच बसतो. ज्याला पुरती खोल कळ आणि हलकें यंत्र हीं दोन्ही हवीं असतात, तो यांत्रिक कळफलक वेगळा बाळगतो, आणि पुष्कळदां लॅपटॉपच्या स्वतःच्या कळांवरच तो ठेवून लिहावयास बसतो.