मुखाच्या कर्करोगाची पारख

दांत दुखूं लागल्यावांचून आपण दंतवैद्याकडे जात नाहीं. आणि तोंडाचा कर्करोग तर आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. म्हणूनच तो उशिरां सांपडतो.

विडा-तंबाखूशीं असलेलें या रोगाचें नातें आपल्या देशांत फार पूर्वींच ओळखलें गेलें. त्रावणकोरांतील विडा खाणाऱ्यांच्या या रोगाविषयीं डॉ. ऑर यांनीं १९३३ सालीं लिहिलें. पुढें १९६६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतवैद्य फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग प्रभृतींनीं पांच जिल्ह्यांतील ५०,९१५ खेडुतांचीं तोंडें तपासून कर्करोगाची व त्याच्या पूर्वखुणा असलेल्या पांढऱ्या चट्ट्यांची नोंद केली.

परंतु नुसतें पाहिल्यानें जीव वांचतो काय? याचा निवाडा केरळांत झाला. १९९६ पासून तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांतील १३ पंचायतींपैकीं ७ पंचायतींत शिकविलेल्या आरोग्यसेवकांनीं घरोघर जाऊन तोंडें पाहिलीं. उरलेल्या ६ पंचायती तुलनेसाठीं ठेवल्या. २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारें ३४ टक्क्यांनीं कमी झाले होते. इतरांत तसा लाभ सिद्ध झाला नाहीं.

श्रोतेहो, घरोघर हिंडून जें साधलें, तें दंतवैद्याच्या खुर्चीवर कां साधूं नये? उजेड, आरसा आणि उघडें तोंड तेथें हजरच असतें. पुढच्या खेपेस दांत दाखवाल, तेव्हां जिभेखालीं आणि गालाच्या आंतहि पाहावयास सांगा. आणि तीन आठवड्यांत भरून न येणारें क्षत दिसल्यास दुखण्याची वाट पाहूं नका.