खाडीकाठची फेरी : मोती, उचल आणि रुपया

इंग्लंडमधील जुन्या शहरांत वाटाड्यासह पायी फिरून इतिहास समजून घेण्याची प्रथा चांगलीच रुजली आहे. ब्रिस्टल हे त्यातले बोधप्रद उदाहरण. तेथील बंदरात १९९९ साली उभारलेल्या पादचारी पुलाला पेरो या गुलामाचे नाव दिले आहे. नेव्हिस बेटावरील उसाच्या मळ्याचा मालक जॉन पिनी याने त्याला चाकर म्हणून ब्रिस्टलला आणले होते. पिनीचे घर आज संग्रहालय आहे. ते पाहून पुलावर आलेल्या माणसाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो : हे वैभव कोणाच्या श्रमावर उभे राहिले?

हाच प्रश्न सोबत घेऊन दुबईच्या जुन्या वस्तीतून फिरावे, असे आम्हांस वाटते. आपल्यातील अनेक कुटुंबे सुट्टीत लंडनला जातात आणि किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरापुढे नतमस्तक होतात. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहत होते. त्या काळातील त्यांच्या अभ्यासाचा एक धागा मात्र आपल्या दारातल्या खाडीपर्यंत येतो, याविषयी आपल्यात सहसा बोलले जात नाही.

फेरीचा आरंभ अल फहिदी किल्ल्यापासून करावा. १७८७ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला दुबईतील आज उभी असलेली सर्वांत जुनी वास्तू मानला जातो. तेथून काही पावलांवर जुना बस्तकिया, म्हणजे आजचा अल फहिदी ऐतिहासिक परिसर लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दुबईच्या शासकांनी जकात माफ केली, तेव्हा इराणच्या दक्षिण भागातील व्यापारी येथे येऊन स्थायिक झाले. त्यांतील अनेकांच्या बस्तक या गावावरून वस्तीला नाव पडले. प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, चिंचोळ्या गल्ल्या आणि वरचा वारा घरात उतरवणारे 'बर्जील' नावाचे चौकोनी मनोरे हे या घरांचे वैशिष्ट्य. १९८० च्या दशकात वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. उरलेला भाग जतन केला गेला, म्हणून आज तो आपल्याला पाहता येतो.

गल्लीतून खाडीवर आलो की मुंबईचा संबंध स्पष्ट होतो. १८२० चा सागरी तह घडवून आणणारी इंग्रजांची मोहीम मुंबईहून निघाली होती. पुढे १९४७ पर्यंत या किनाऱ्याचा राजकीय कारभार इंग्रज प्रामुख्याने हिंदुस्थानातील आपल्या सरकारामार्फत पाहत होते. दुबईत १९०९ साली उघडलेले टपाल कार्यालय हिंदी टपाल खात्याचे होते आणि बाजारात चलन होते रुपया. येथील मोतीही विकले जात ते मुख्यतः मुंबईच्या बाजारात.

हे मोती काढणारे पाणबुडे उन्हाळ्याचे सुमारे चार महिने समुद्रावर असत. नाकाला चिमटी, पायाला दगड, कमरेला किंवा गळ्यात टोपली आणि होडीवरच्या सोबत्याच्या हाती दोर, एवढ्या साधनांनिशी ते दिवसभर पुन्हा पुन्हा तळ गाठत. त्यांना ठरलेले वेतन नसे. विक्रीतील वाटा मिळे. हंगामापूर्वी घर चालविण्यासाठी नाखुदा त्यांना आगाऊ रक्कम देई. आपल्या कोळीवाड्यांतील 'नाखवा' तो हाच शब्द. आणि ही आगाऊ रक्कम म्हणजे ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतात ती 'उचल'. नाखुदाही अनेकदा व्यापाऱ्याचा देणेकरी असे. हंगाम पडला की पाणबुड्याचे देणे तसेच राही आणि पुढील वर्षी त्याच होडीवर जाणे त्याला भाग पडे. अनेक ठिकाणी बापाचे देणे मुलाच्या माथी येई. जपानमधील संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा व्यापार कोसळला. पाणबुड्यांची साधने संग्रहालयांत मांडलेली असतात, पण साधनांवरून कर्ज दिसत नाही. कोकणातील कुळाचे दैन्य ओळखून १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ते दिसायला हवे.

बाबासाहेबांच्या अभ्यासाचा धागा म्हणजे रुपया. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. परकीय चलनाशी असलेला रुपयाचा दर स्थिर राखण्यापेक्षा त्याची क्रयशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे आहे आणि चलननिर्मितीवर बंधन असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तोच रुपया या खाडीवरही चालत होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारताची परकीय गंगाजळी आटू लागली, म्हणून १९५९ मध्ये भारताने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपया' काढला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरची किंमत ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेली आणि दूर दिल्लीत झालेल्या निर्णयाने येथील माणसाच्या गाठीच्या पैशाचे मोल घटले. त्यानंतर दुबईने रियाल स्वीकारला. आज आपण कमावतो तो दिरहम १९७३ चा आहे.

कर्ज मात्र जुन्याच वाटेने येत राहते. येथील २०२१ चा कामगार कायदा भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई करतो. तरीही गावाकडे दलालाला देण्यासाठी व्याजाने पैसे काढून, दागिने मोडून येणारे बांधव आपल्याला भेटतात. त्यांचे पहिले वर्ष-दीड वर्ष ते देणे फेडण्यातच जाते. आपण संगणकासमोर बसून कमावतो, म्हणून हा इतिहास परका ठरत नाही.

हिवाळ्यातील एका सकाळी दोन तासांत ही फेरी होते. किल्ला, बस्तकिया, कापडबाजार आणि शेवटी अब्रात बसून पलीकडे देरा. समूहाच्या पुढील सहलीत ती घ्यावी, मुलांना न्यावे आणि कामगार वसाहतींतील बांधवांनाही सन्मानाने बोलवावे. मनोऱ्याखालच्या गारव्यात उभे राहून वाऱ्याचे शास्त्र मुलांना जरूर सांगावे. पण ते घर बांधायला पैसा कोठून आला आणि त्यासाठी पाण्याखाली कोण उतरले, हेही त्यांना विचारायला लावावे. दलालाचे देणे कसे टाळावे आणि फसवणूक झाल्यास कोठे दाद मागावी, याची माहिती त्याच दिवशी गावाकडच्या भावंडांना फोनवरून कळविली, तर ही फेरी सार्थकी लागेल.