फडक्याला लागणारा रंग

पॉलिशिंगचं मशीन घ्यायला गेलं की दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो, "रोटरी देऊ की डीए?" आणि तिथेच आपली बोबडी वळते. गेले काही महिने मी या प्रश्नाच्या मागे लागलो होतो. मशीन बघण्यापेक्षा जुन्या गोष्टी वाचण्यातच जास्त वेळ गेला हे खरं (घरच्यांचं मत विचारू नका!). पण त्यातून एक गोष्ट कळली. ही सगळी अवजारं गाडीच्या रंगाच्या पोटी जन्मलेली आहेत. रंग बदलला की अवजार बदललं.

अगदी पहिल्या मोटारी बग्ग्यांसारख्याच रंगवायचे. ब्रशने व्हार्निशचा थर द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचं, की पुन्हा थर. एकेका गाडीला कित्येक आठवडे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळायची, ती काळं इनॅमल स्वस्त आणि टिकाऊ होतं म्हणून.

मग पहिलं महायुद्ध संपलं. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीकडे बंदुकीच्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोज बनवणारे भलेमोठे कारखाने होते, आणि तोफा तर थंडावलेल्या. त्याच नायट्रोसेल्युलोजपासून झटपट वाळणारा लॅकर तयार झाला. ड्युपाँट ही जनरल मोटर्सची मोठी भागधारक, त्यामुळे गिऱ्हाईक घरातच होतं. 1923 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात झळकल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. रंगाचं नाव होतं ड्यूको! आपल्याकडे कपाटांना 'ड्यूको मारून घ्या' म्हणतात ना, तेच हे. तोफांच्या दारूचा हा भाऊबंद शंभर वर्षांनी आपल्या सुताराच्या तोंडी नांदतोय, याची मला फार गंमत वाटते.

पण ड्यूकोची एक खोड होती. फवारल्यावर तो मंद दिसायचा. चमक हवी तर कंपाउंड लावून घासावं लागे, आणि ती चमक उन्हापावसात उतरली की पुन्हा घासा. म्हणजे गाडीचा मालक जन्माचा पॉलिशवाला झाला! पॉलिशवाले आधीही होतेच. मेग्वायर्स 1901 मध्ये फर्निचर पॉलिश बनवत सुरू झाली, कारण बग्गी काय आणि टेबल काय, शेवटी व्हार्निश मारलेलं लाकूडच. सिमोनाइझ हे तर कंपनीचं नाव, ते इंग्रजीत चक्क क्रियापद झालं. शिकागोच्या बेन हर्शची गोष्ट मला सगळ्यात आवडते. 1940 च्या दशकात हा गृहस्थ आपलं पॉलिश घेऊन हिंडायचा, उभ्या गाडीचं एकच मडगार्ड चकाचक करायचा आणि मालकाची वाट बघत थांबायचा, असं सांगतात. मालक आला की उरलेल्या गाडीकडे बघून बाटली घेणार नाही तर काय करेल? ते पॉलिश पुढे टर्टल वॅक्स झालं.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या लहानपणी आमच्याकडे जुनी फियाट होती, गॅरेजमध्ये पुन्हा रंगवून घेतलेली. बाबा दिवाळीच्या आधी 'रबिंग' करायला बसत. डबीतली मळकट पेस्ट, मांजरपाटाचं फडकं, आणि मनगटाचं तेल. चार हात मारले की फडकं हिरवंगार व्हायचं, कारण गाडी हिरवी. मी खूश, मळ निघाला म्हणून. बाबा म्हणायचे, "अरे, हा मळ नाही, गाडी निघतेय. आता बस."

या 'आता बस'चा अर्थ मला परवा परवा नीट कळला. 1980 च्या दशकापासून जगभर गाड्यांवर दोन थर देण्याची पद्धत रुळली, खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण आज जी चमक बघतो ती या वरच्या थराची. तो असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. त्याचा काही अंश प्रत्येक पॉलिशला कायमचा जातो. आणि फडकं? फडकं पांढरंच राहतं! पूर्वी गाडी झिजली की फडकं सांगायचं. आता सांगणारं कुणी नाही. जाडी मोजायचं मीटर मिळतं, पण साधं मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तेही चालत नाही.

हे कळल्यावर दुकानदाराचं उत्तर सोपं झालं. रोटरी एकाच आसाभोवती गरगर फिरते. लोकरीचं पॅड लावून लॅकरच्या जमान्यात तिने राज्य केलं, उस्तादाच्या हातात आजही ती जादू करते. पण एका जागी रेंगाळली की उष्णता साठते, आणि कडेवरचा पातळ थर केव्हा गेला ते कळत नाही. डीए मशीनचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय मधल्या आसाभोवती छोट्या वर्तुळात घिरट्या घालतं. जोरात दाबलं तर फिरणं थांबतं. हा तिचा दोष म्हणून सांगतात. मला तर बाबांचं 'आता बस' त्यात बसवल्यासारखं वाटलं. मी डीएच घेतली. ग्राइंडरला लोकरीची टोपी लावून देणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो, पॉलिशिंगची रोटरी फार तर तीन हजार.

बाकी सामानात मशीनपेक्षा पॅड जास्त घ्यावीत, फोमची, निदान पाच-सहा. ती कंपाउंडने भरतात, तापतात, आणि मग काम करत नाहीत. कंपाउंड आधी सगळ्यात सौम्य, तेही हातभर जागेवर करून बघायचं. कडांना आणि काळ्या रबराला मास्किंग टेप. वॅक्स म्हणाल तर ब्राझीलच्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचं मेण अजूनही चालतं, पण ते शेवटचं. आधी चिकटलेली धूळ क्ले बारने काढलीच पाहिजे, नाहीतर तीच धूळ पॅडखाली सँडपेपर होते.

आणि खरा शत्रू तर रोज सकाळी सहाला येतो. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत, एका पिवळ्या फडक्याने पंधरा गाड्या उरकतो. उन्हात बॉनेटवर दिसणारी ती कोळ्याची जाळी त्या फडक्यातल्या मातीची. त्याची चूक नाही, त्याला दुसरं काही कुणी दिलंच नाही. मायक्रोफायबर म्हणजे काही चंद्रावरची वस्तू नव्हे. त्या धाग्याचा पाया जपानच्या तोरे कंपनीत 1970 च्या सुमारास घातला गेला, आज किराणा दुकानातही कापड मिळतं. मशीनच्या बिलात मी अशी बारा कापडं वाढवली आणि सहा त्याला दिली. "दादा, गाडी ओली असतानाच पूस, कोरडी धूळ झटकू नकोस," एवढंच सांगितलं. त्याने विचारलं, बाकीच्या चौदा गाड्यांना पण हीच वापरू का? वापर म्हटलं.

बॉनेटवर नखाला लागतो असा एक ओरखडा आहे. तो काढायचा तर क्लिअर कोट जवळजवळ संपेल. तो तसाच ठेवायचं ठरवलंय.