टेबल बनत नाहीये? आधी एररचा नंबर वाचा

समजा, जळगाव जिल्ह्यातल्या गावांचा डेटाबेस बनवताय. मायएसक्यूएलमध्ये स्क्रिप्ट चालवली आणि आली एरर १०६४. म्हणजे वाक्यरचना चुकली. मेसेजमध्ये 'नियर'नंतर दिसतो तो मजकूर, जिथे सर्व्हर अडकला. खरी चूक बहुतेकदा त्याच्या जरा आधी असते : सुटलेला किंवा जास्तीचा स्वल्पविराम. कॉलमला 'ऑर्डर', 'ग्रुप' असं राखीव नाव दिलं तरी हेच होतं.

१०५० आली तर टेबल आधीच आहे. घाईत 'ड्रॉप टेबल' मारू नका, आतला डेटाही जातो!

१८२४ म्हणजे फॉरेन की ज्या टेबलकडे बोट दाखवते, तेच सापडत नाही. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव या क्रमाने टेबल बनवा. ३७८० आली तर दोन्ही कॉलमचे टाइप जुळत नाहीत. एकीकडे 'इंट' आणि दुसरीकडे 'इंट अनसाइन्ड' चालत नाही.

मराठीची गंमत वेगळीच. 'असोदा' आपल्याला तीन अक्षरी वाटतं, पण मायएसक्यूएल ओकार आणि काना वेगळे मोजतं, म्हणजे पाच. कॉलम 'व्हारचार(३)' ठेवला तर टेबल बिनबोभाट बनतं, नाव भरताना १४०६ येते. हे बरंच म्हणायचं. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर फक्त वॉर्निंग मिळते आणि गावाचं नाव उरतं 'असो'.

आवृत्ती ८.० च्या आधीचा सर्व्हर असेल तर कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' स्वतः लिहा. तिथे डिफॉल्ट 'लॅटिन१' असतो, त्यात देवनागरी बसत नाही.