फॉइन्स : धावपट्टी नसलेला विमानतळ

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यात, शॅनन नदीच्या विस्तीर्ण मुखालगत दक्षिण काठावर फॉइन्स हे छोटेसे बंदर वसले आहे. आज तेथे मालवाहू जहाजांची ये-जा असते. मात्र १९३९ ते १९४५ या काळात अमेरिका आणि युरोप यांना जोडणाऱ्या हवाई वाहतुकीचे ते एक प्रमुख ठाणे होते. या 'विमानतळा'ला धावपट्टी नव्हती. विमाने पाण्यावर उतरत आणि पाण्यावरूनच आकाशात झेपावत. 'फ्लाइंग बोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या अवाढव्य विमानांपैकी सर्वांत नावाजलेल्या जातीचे एकही विमान आज जगात उरलेले नाही. उरले आहे ते गाव, आणि त्या गावाने निगुतीने सांभाळलेली आठवण.

जड विमानांना पेलणाऱ्या लांब धावपट्ट्या त्या काळी फारच थोड्या होत्या. फ्लाइंग बोटीला लागे ते शांत, खोल आणि आडोशाचे पाणी. फॉइन्सच्या समोरच असलेल्या बेटामुळे असा आडोसा आपसूक मिळाला होता. शिवाय युरोपच्या अगदी पश्चिम टोकाजवळचे हे ठिकाण. येथून न्यूफाउंडलँडमधील बॉटवुडपर्यंतचे अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर. तेवढा पल्ला त्या विमानांच्या आवाक्यात होता.

जुलै १९३७ मध्ये पॅन अमेरिकनचे विमान पश्चिमेकडून, तर ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजचे 'कॅलेडोनिया' पूर्वेकडून चाचणीसाठी निघाले आणि दोघांनीही महासागर पार केला. 'कॅलेडोनिया'च्याच जातीची विमाने पुढे साउदम्प्टन-सिडनी मार्गावर कराची, ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कोलकाता येथे पाण्यावर उतरू लागली. कराचीहून टपाल पुढे नेण्याचे काम टाटांची विमाने करीत. त्यामुळे फॉइन्सचा इतिहास वाटतो तितका आपल्यापासून दूरचा नाही.

९ जुलै १९३९ रोजी पॅन अमेरिकनचे 'यांकी क्लिपर' प्रवाशांना घेऊन फॉइन्सला उतरले. हे विमान बोईंग ३१४ जातीचे. चार इंजिने, पंखांचा विस्तार ४६ मीटरहून अधिक, झोपण्यासाठी बर्थ आणि जेवणासाठी स्वतंत्र दालन. अटलांटिक ओलांडण्याचे एकेरी भाडे ३७५ डॉलर होते. सर्वसामान्य माणसाने त्याचा विचारही करू नये, अशीच ती रक्कम होती. दोन महिन्यांच्या आतच महायुद्ध पेटले. आयर्लंड तटस्थ राहिले. त्यामुळे लष्करी अधिकारीही साध्या वेशात, नागरिक म्हणून येथून प्रवास करीत. मुत्सद्दी, निर्वासित आणि चित्रपटतारे एकाच प्रतीक्षागृहात हवामान निवळण्याची वाट पाहत बसत.

ही प्रतीक्षाच फॉइन्सच्या सर्वांत प्रसिद्ध कथेचे मूळ आहे. युद्धकाळातील हिवाळ्यात बॉटवुडकडे निघालेले एक विमान खराब हवामानामुळे कित्येक तासांनी परत फिरले. गारठलेल्या प्रवाशांसाठी तेथील आचारी ज्यो शेरिडन यांनी कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडली. ही कॉफी ब्राझीलची का, असे एका प्रवाशाने विचारले असता, नाही, ती आयरिश आहे, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. 'आयरिश कॉफी' पुढे जगभर गेली. कॉफीला मिळालेले हे भाग्य तेथील हवामान निरीक्षकांच्या वाट्याला आले नाही, हे मात्र खटकते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या आयर्लंडच्या हवामान सेवेचा पहिला मोठा कस अटलांटिकवरील उड्डाणांसाठीच लागला. प्रवाशांचे प्राण त्यांच्या अंदाजांवर अवलंबून असत.

युद्धाने लांब पल्ल्याची, जमिनीवर उतरणारी विमाने आणली आणि पक्क्या धावपट्ट्याही. नदीपलीकडील रिनीआना येथे, म्हणजे आजच्या शॅनन विमानतळावर, ऑक्टोबर १९४५ पासून अटलांटिकपारची नियमित वाहतूक सुरू झाली. त्याच महिन्यात फॉइन्सहून शेवटची नियमित फ्लाइंग बोट न्यूयॉर्ककडे गेली. वैमानिक होते कॅप्टन चार्ल्स ब्लेअर. बोईंग ३१४ ची एकूण १२ विमाने बांधली गेली होती. 'यांकी क्लिपर' स्वतः फेब्रुवारी १९४३ मध्ये लिस्बनला उतरताना कोसळले आणि त्यात २४ जण मृत्युमुखी पडले. उरलेल्यांपैकी बहुतेक विमाने युद्धानंतर काही वर्षांतच भंगारात गेली. एखादे तरी जपून ठेवावे, असे कोणाला वाटले नाही.

त्यामुळेच १९८९ मध्ये मार्गारेट ओशॉनेसी यांच्या पुढाकाराने येथे फ्लाइंग बोट संग्रहालय उभे राहिले, तेव्हा मांडण्यासाठी विमानच नव्हते. उद्घाटन अभिनेत्री मॉरीन ओहारा यांच्या हस्ते झाले. त्या कॅप्टन ब्लेअर यांच्या पत्नी. ब्लेअर यांचे १९७८ मध्ये विमान अपघातात निधन झाले होते. संग्रहालय जुन्या टर्मिनलच्या मूळ इमारतीतच आहे, ही त्याची खरी श्रीमंती. पुढे बोईंग ३१४ ची पूर्ण आकाराची प्रतिकृती तेथे उभारण्यात आली. या आकाराची जगातील ती एकमेव प्रतिकृती मानली जाते. तिच्या आत शिरून बर्थ, स्वयंपाकाची जागा आणि वैमानिकांचा कक्ष पाहता येतो.

इतर ठाण्यांच्या नशिबी वेगवेगळे भोग आले. मायामीतील डिनर कीचे टर्मिनल १९५४ पासून महापालिकेचे मुख्यालय आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील 'मरीन एअर टर्मिनल' १९४० चे. त्याच्या गोलाकार दालनातील जेम्स ब्रूक्स यांचे भव्य भित्तिचित्र १९५० च्या दशकात रंग फासून झाकण्यात आले होते. १९८० मध्ये ते पुन्हा उजेडात आणले गेले. फॉइन्सला असे काही खरवडून काढावे लागले नाही. तेथील बिनतारी संदेश आणि हवामान कक्ष आज पाहुण्यांसाठी खुला आहे. प्रतिकृतीपुढे होणारी गर्दी पाहून तो टाळू नये. फॉइन्सचे मूळ काम तेथेच चाले.